वाचकांचे प्रश्न : आउटबॅकमध्ये हरवलेल्या पूर्वजाचा माग

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या किंवा तिथल्या घरांत लग्न करून गेलेल्या मराठी वाचकांकडून वंशावळीचे प्रश्न आता वरचेवर येतात. त्यांतला सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे एकोणिसाव्या शतकात कामामागे आउटबॅकमध्ये, म्हणजे देशाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात हिंडलेला माणूस. त्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही, मतदारयादीतही तो बहुधा सापडत नाही. या वेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी ब्रिस्बेनला राहते. माझ्या यजमानांचे खापरपणजोबा शिअरर होते, म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरणारे. १८८४ साली न्यू साउथ वेल्समधल्या बर्क गावी त्यांचं लग्न झालं. तीन मुलं झाली, तिघांचे जन्म तीन वेगळ्या गावांत. १८९३ नंतर त्यांचा ठावठिकाणा नाही. न्यू साउथ वेल्सच्या मृत्यूसूचीत नाव मिळत नाही. पुढे काय करावं?

उत्तर : मृत्यूसूची तूर्त बाजूला ठेवा. शोधाची सुरुवात मृत्यूपासून केली की एकाच नावाचे दहा जण समोर येतात आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवायला हाताशी काहीच नसतं. आधी लग्नाचा दाखला आणि तिन्ही मुलांचे जन्मदाखले पूर्ण मागवा. सूचीतल्या ओळीवर भागवू नका. न्यू साउथ वेल्सची नागरी नोंदणी मार्च १८५६ पासूनची आहे आणि तिथल्या जन्मदाखल्यात वडिलांचा धंदा, वय, जन्मगाव, लग्नाचं साल व ठिकाण, आधीची मुलं आणि माहिती देणाऱ्याचं नाव एवढं सगळं येतं. खर्च कमी ठेवायचा असेल तर सरकारमान्य नक्कलकारांकडून नोंदीची नक्कल घ्या. ती अधिकृत दाखल्यापेक्षा स्वस्त पडते आणि संशोधनाला तेवढी पुरते.

चारही कागद शेजारी ठेवून वय आणि जन्मगाव जुळतात का पाहा. मग धंद्याचा रकाना वाचा. एका दाखल्यात ‘शिअरर’, दुसऱ्यात ‘लेबरर’, तिसऱ्यात ‘बाउंडरी रायडर’ म्हणजे कुंपणाच्या कडेने घोड्यावर फिरणारा राखणदार, असं आढळलं तर गोंधळू नका. कातरणी हा हंगामी धंदा होता. उरलेले महिने ही माणसं तारेची कुंपणं घालायची, पाण्याची तळी खणायची, गुरांचे तांडे हाकायची. जन्माची माहिती आईने एकटीने दिली असेल तर वडील त्या सुमारास कामावर बाहेर असण्याची शक्यता मोठी.

आता एक मोठा तक्ता करा आणि त्यात साल नव्हे, महिना लिहा. कातरणीचा हंगाम उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जाई. क्वीन्सलंडच्या शेड, म्हणजे कातरणीच्या मोठ्या पडव्या, आधी लागत, मग डार्लिंग नदीकाठ, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेचा रिव्हरिना भाग आणि वर्षाअखेरीकडे व्हिक्टोरिया. एकच माणूस एका वर्षात तीन वसाहतींत सापडू शकतो, पण एका आठवड्यात पाचशे किलोमीटर अंतरावरच्या दोन शेडमध्ये सापडू शकत नाही. पायी दिवसाला तीसेक किलोमीटर, घोड्यावर थोडं जास्त, असा हिशोब धरा. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक शिअरर सायकलवर फिरू लागले, तेव्हा तो हिशोब थोडा सैल करा. एकाच नावाची दोन माणसं वेगळी काढायला या तक्त्याइतकं खात्रीचं साधन नाही.

आता मृत्यूकडे या. १ जानेवारी १९०१ पर्यंत ऑस्ट्रेलिया हा एक देश नव्हता. सहा वसाहती होत्या आणि प्रत्येकीचं नोंदणीदप्तर स्वतंत्र होतं. आजही ती दप्तरं राज्यवार वेगळीच आहेत. नागरी नोंदणी टास्मानियात १८३८, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८४१, साउथ ऑस्ट्रेलियात १८४२, व्हिक्टोरियात १८५३ मध्ये सुरू झाली. क्वीन्सलंड १८५९ मध्ये वेगळं झालं. नॉर्दर्न टेरिटरी १८६३ ते १९११ साउथ ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होती, म्हणून तिथला सरकारी पत्रव्यवहार बराचसा अ‍ॅडलेडला पाहावा लागतो. बर्कपासून क्वीन्सलंडची हद्द दीडशे किलोमीटरच्या आत आहे. घोड्यावरून हद्द ओलांडणाऱ्याची कुठेही नोंद होत नसे. त्यामुळे पहिला शोध क्वीन्सलंडच्या सूचीत घ्या.

दुसरा शोध वेस्टर्न ऑस्ट्रेलियात घ्या. तुम्ही दिलेलं १८९३ हे साल बोलकं आहे. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये पूर्वेकडच्या बँका एकामागून एक बंद पडल्या, लोकरीचा भाव आधीच पडलेला होता, आणि १८९२ मध्ये कूलगार्डीला, १८९३ मध्ये कॅलगुर्लीला सोनं सापडलं होतं. पूर्वेकडचे हजारो बेकार पुरुष बोटीने आल्बनी आणि फ्रीमँटलला उतरून आत गेले. खाणींच्या छावण्यांत पाणी अपुरं आणि घाण, त्यामुळे विषमज्वराने फार माणसं मेली. तिथल्या मृत्यूनोंदींत वय व जन्मस्थान जुळणारा माणूस आहे का ते बघा. तिथे त्याच नावाचं दुसरं लग्न दिसतं का, हेही बघा. घरच्यांना हा प्रश्न आवडत नाही, पण तो विचारल्याशिवाय पुष्कळ शोध अडून राहतात.

त्याच्या पत्नीचा मागही काढा. तिने पुढे लग्न केलं असेल आणि स्वतःला विधवा म्हटलं असेल तर तो नवऱ्याच्या मृत्यूचा पुरावा नव्हे. नवरा सात वर्षं गायब असेल आणि जिवंत असल्याचं कळलेलं नसेल तर दुसऱ्या लग्नाबद्दल द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा लागू होत नसे, त्यामुळे अशी ‘विधवा’ अनेक दाखल्यांत भेटते. १८९३ मध्ये सात वर्षं मिळवा आणि १९०० च्या पुढे तिचं लग्न शोधा.

तिने पोटगीसाठी तक्रार केली असेल तर तुमचं नशीब उघडलं. बायको-मुलांना टाकून गेल्याबद्दल निघालेली वॉरंटं पोलीस गॅझेटमध्ये, म्हणजे पोलिसांसाठीच्या छापील परिपत्रकात येत. त्यात वय, उंची फूट-इंचांत, केसांचा व डोळ्यांचा रंग, दाढी, जखमांचे व्रण, चालण्याची लकब, शेवटचं काम कुठे होतं आणि आता कुठे गेला असावा, हे सगळं असतं. ज्या माणसाचा एकही फोटो नाही त्याचं रूप पहिल्यांदा या चार ओळींत दिसतं. ही गॅझेटं वसाहती एकमेकींना पाठवत, म्हणून न्यू साउथ वेल्सचं वॉरंट शेजारच्या वसाहतीच्या अंकातही येऊ शकतं. त्याच गॅझेटांत बेपत्ता नातलगांची विचारणा, चोरीला गेलेल्या घोड्यांची वर्णनं आणि तुरुंगातून सुटलेल्यांच्या याद्याही असतात. आडनावाबरोबर पत्नीचं नाव आणि गावाचं नावही शोधा. घोडा चोरीला गेला म्हणून फिर्यादी झालेला माणूस अनेकदा याच मार्गाने सापडतो.

राहिली स्टेशनं, म्हणजे मेंढ्या-गुरांची हजारो एकरांची कुरणं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या नोएल बटलिन अभिलेखागारात गोल्ड्सब्रो मॉर्टसारख्या मोठ्या पशुपालन कंपन्यांची दप्तरं आहेत. तिथे माणसाच्या नावाने शोधून फारसं हाती लागत नाही. आधी गाव ठरवा, गावाभोवतालची स्टेशनं काढा, त्या सालात मालकी किंवा गहाण कोणत्या कंपनीकडे होतं ते पाहा आणि मग त्या स्टेशनची पगारवही मागवा. पानाच्या डाव्या बाजूला नाव आणि दर दिसतो, कातरणी असेल तर दर शंभर मेंढ्यांमागे. पुढे स्टेशनच्या दुकानातून उचललेल्या मालाची वजावट असते: तंबाखू, बूट, चादर, कातरणीची कात्री. नेहमीच्या मजुरांचा आठवड्याचा शिधा ठरलेला होता: दहा पौंड पीठ, दहा पौंड मांस, दोन पौंड साखर, पाव पौंड चहा. शेवटी हाती पडलेली रक्कम आणि कधी समोर सही. ती सही लग्नाच्या नोंदवहीतल्या सहीशी ताडून पाहा. नाव सारखं असणं हा योगायोग असू शकतो, पण ‘जे’चा तोच वळसा दोन्हीकडे असेल तर माणूस एकच धरायला हरकत नाही. फुलीची सही असेल तर हा मार्ग बंद.

प्रश्न : ट्रोव्हवर आडनाव टाकलं की लाखो निकाल येतात. नेमकं काय टाकावं? (मेलबर्न)

उत्तर : ट्रोव्ह म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा मोफत डिजिटल संग्रह. त्यातली बहुतेक वृत्तपत्रं १९५४ पर्यंतची आहेत. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका भरपूर असतात. ‘आर’ आणि ‘एन’ एकत्र येऊन ‘एम’ होतं, ‘एच’चं ‘बी’ होतं, ओळीच्या शेवटी तुटलेलं आडनाव दोन तुकड्यांत जातं. म्हणून फक्त आडनाव टाकून उपयोग नाही.

आडनावाबरोबर गाव, स्टेशन किंवा कामाचा शब्द जोडा. ‘शेड’, ‘हॉस्पिटल’, ‘पोलीस कोर्ट’, ‘अनक्लेम्ड लेटर्स’ हे शब्द इंग्रजीत घालून पाहा. नाव आणि आडनाव एकाच अवतरणचिन्हांत घालून त्यापुढे नागमोडी रेघ (~) व छोटा आकडा दिला की दोन शब्दांमध्ये तेवढं अंतर चालतं. ‘स्मिथ, जॉन’ आणि ‘जॉन हेन्री स्मिथ’ दोन्ही त्यात पकडले जातात. त्या काळच्या बातम्यांत पहिलं नाव बऱ्याचदा नसतंच. ‘स्मिथ नावाचा शिअरर’ एवढंच छापलेलं असतं, तेव्हा धंदा आणि आडनाव अशी जोडीही शोधा.

यापेक्षाही फलदायी काम म्हणजे त्या भागातलं वृत्तपत्र निवडून अंकामागून अंक वाचणं. बर्कसाठी ‘वेस्टर्न हेरल्ड’, ‘हे’ (Hay) नावाच्या गावासाठी ‘रिव्हराइन ग्रेझिअर’, बारकॉल्डिनसाठी ‘वेस्टर्न चॅम्पियन’, ब्रोकन हिलसाठी ‘बॅरिअर मायनर’, सोन्याच्या खाणींसाठी ‘कूलगार्डी मायनर’. यांत गावच्या दवाखान्यात कोण दाखल झालं, कोण बरं होऊन गेलं, कुठल्या शेडमध्ये कातरणी कधी सुरू झाली, अशा बारीक बातम्या असतात. टपाल कचेरीत पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्या सरकारी गॅझेटांतही छापल्या जात. फिरत्या माणसाला घरून पत्र आलं आणि तो तोवर पुढे निघून गेला, तर त्याचं नाव तिथे राहतं. त्यावरून तो त्या गावी होता हे सिद्ध होत नाही. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे तो तिथे होता, एवढंच कळतं. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, पण तक्त्यात वेगळ्या रंगात लिहा.

प्रश्न : पणजेसासऱ्यांचा म्हणून मानलेला मृत्यूचा दाखला मिळाला, पण आईवडील, जन्मगाव, लग्न, मुलं या सगळ्या रकान्यांत ‘माहीत नाही’ लिहिलंय. हा कागद वाया गेला का? (सिडनी)

उत्तर : वाया मुळीच गेला नाही. रिकाम्या रकान्यांवरून त्याच्याजवळ मरताना ओळखीचं कुणी नव्हतं एवढं कळतं. माहिती देणारा स्टेशनचा मॅनेजर, दवाखान्याचा कारकून किंवा पोलीस शिपाई असतो, त्याला मृताचं नावही ऐकूनच माहीत. तेव्हा भरलेले रकाने वाचा: माहिती कोणी दिली, मृत्यूचं कारण कोणी प्रमाणित केलं, पुरलं कुठे, साक्षीदार कोण. डॉक्टरच्या जागी कोरोनरचं, म्हणजे अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, किंवा मॅजिस्ट्रेटचं नाव असेल तर त्या मृत्यूची चौकशी झालेली आहे. दूरच्या भागात कोरोनर पोहोचत नसे, म्हणून जवळचा मॅजिस्ट्रेटच चौकशी करी. उन्हाळ्यात प्रेत सापडेपर्यंत दिवस गेलेले असत, त्यामुळे तिथल्या तिथेच पुरण्याची परवानगी दिली जाई.

व्हिक्टोरियात १८४० पासूनचे इन्क्वेस्टचे, म्हणजे अशा चौकशीचे कागद राज्य अभिलेखागारात मालिका २४ मध्ये आहेत आणि जबान्या आजही वाचता येतात. न्यू साउथ वेल्समध्ये जुने मूळ कागद बहुतेक उरलेले नाहीत. नोंदवही उरली आहे, तिच्यात निकाल आणि मालमत्तेची त्रोटक नोंद मिळते. म्हणून तिथे चौकशीचा वृत्तांत स्थानिक वृत्तपत्रात शोधावा लागतो आणि तो अनेकदा सरकारी नोंदीपेक्षा सविस्तर असतो. स्वॅगमध्ये, म्हणजे त्याच्या पाठीवरच्या गुंडाळीत, काय सापडलं याची यादी त्यात येते: चादर, पाणी उकळायचं बिली, एखादं पत्र, युनियनचं तिकीट. पत्रावरचं नाव वेगळं असेल तर ते खरं नाव असण्याची शक्यता आहे. जहाजावरून पळालेले खलाशी, कर्जबुडवे आणि संसार सोडून आलेले सर्रास नाव बदलत.

त्याच्या खात्यावर मजुरी थकलेली असेल किंवा घोडा-खोगीर मागे राहिलं असेल तर ते बेवारस मालमत्तेच्या अधिकाऱ्याकडे जाई. अशा मालमत्तांच्या सूचना सरकारी गॅझेटमध्ये येत आणि फाइलमध्ये क्वचित इंग्लंड-आयर्लंडमधल्या नातलगांची पत्रं असतात.

आणि अगदी बेनाव मृत्यू असेल तर? न्यू साउथ वेल्सच्या सूचीत ‘अननोन’ या शब्दाखाली, जिल्हा आणि साल घालून शोधा. त्याच आठवड्याच्या पोलीस गॅझेटमध्ये ‘अनोळखी पुरुष’ म्हणून कपडे, दात, गोंदण यांचं वर्णन मिळू शकतं. तुमच्याकडे वॉरंटातलं वर्णन असेल तर ते इथे ताडता येतं. निव्वळ काळ आणि भाग जुळला म्हणून त्याला आपला म्हणू नका.

म्हातारपणापर्यंत जगला असेल तर निराधार वृद्धांच्या आश्रमांची दप्तरं सोडू नका. ब्रिस्बेनजवळच्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावरचा डनविच आश्रम १८६० च्या दशकापासून १९४६ पर्यंत चालला. क्वीन्सलंडभर राबून थकलेले एकटे पुरुष तिथे पोहोचत. प्रवेशाच्या नोंदवहीत जन्मगाव, आल्याचं साल व जहाज, कुठे कुठे काम केलं, आईवडील, लग्न, मुलं कुठे आहेत, असं माणसाच्या स्वतःच्या तोंडून घेतलेलं आयुष्य असतं. मृत्यूच्या दाखल्यातले ‘माहीत नाही’चे रकाने या वहीत भरलेले सापडू शकतात. न्यू साउथ वेल्ससाठी लिव्हरपूल व पॅरामाटा इथले आश्रम, साउथ ऑस्ट्रेलियासाठी अ‍ॅडलेडचा डेस्टिट्यूट असायलम.

एक सूचना. साउथ ऑस्ट्रेलियाचा त्या काळचा मृत्यूचा दाखला मुळातच आखूड आहे. त्यात आईवडिलांचं नाव नसणं म्हणजे माहिती दडवली असं नव्हे. तो रकानाच नव्हता.

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आजोबांचे चुलते पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. १८९५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात उतरले ते परतले नाहीत. आत फेरीवाल्याचा धंदा करतात असं एका पत्रात होतं. पाकिटं दोन शिल्लक आहेत. काही कळू शकेल का?

उत्तर : पाकिटं जपून ठेवा, शोध तिथूनच सुरू होतो. वसाहतींची तिकिटं वेगवेगळी होती आणि १९०१ नंतरही ती चालत राहिली. सगळ्या देशाचं एक तिकीट १९१३ च्या जानेवारीत आलं. म्हणजे तिकिटावरून वसाहत कळते आणि शिक्क्यावरून गाव व तारीख. शिक्का पुसट असेल तर तिरप्या उजेडात फोटो काढून काळा-पांढरा भेद वाढवा. तिकीट काढायला पाकीट पाण्यात टाकू नका, शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर असतो.

पी अँड ओच्या डेकवरची माणसं मोठ्या संख्येने कोकणातलीच होती. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्या भागातून माणसं गोळा करी, त्यामुळे खलाशांच्या यादीत तुमच्या माणसाचं नाव विचित्र लिहिलं असलं तरी शेजारची नावं तुमच्याच पंचक्रोशीतली निघू शकतात. गावातल्या कोणकोणत्या घरांतली माणसं त्या काळी त्याच बोटीवर होती हे आधी विचारून घ्या. सिडनीला आलेल्या बोटींच्या प्रवासी व खलाशी याद्या १९२२ पर्यंत उपलब्ध आहेत, पण भारतीय खलाशांच्या बाबतीत कधी नावं असतात, कधी नुसता आकडा. ब्रिटिश जहाजांचे खलाशी-करारनामे १८६३ ते १९३८ या काळातले सुमारे सत्तर टक्के कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सागरी इतिहास अभिलेखागारात आहेत. बोटीचं नाव आणि साल माहीत असेल तरच तिकडे वळा. बोट सोडून गेलेल्यांची नावं पोलीस गॅझेटमध्ये येत, तीही पाहा.

खरा खजिना १९०१ नंतरचा आहे. डिसेंबर १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने स्थलांतरबंदीचा कायदा लागू केला आणि अधिकाऱ्याला नको असलेल्या माणसावर पन्नास शब्दांची युरोपीय भाषेतली श्रुतलेखन परीक्षा लादता येऊ लागली. ती नापास करण्यासाठीच होती. आधीपासून राहणाऱ्या भारतीयाला मायदेशी फेरी मारून परत यायचं असेल तर जाण्याआधी सूटपत्र काढावं लागे. सुरुवातीला त्याला अधिवासाचा दाखला म्हणत, १९०५ नंतर श्रुतलेखन परीक्षेतून सूट देणारं प्रमाणपत्र. त्यावर माणसाचे समोरून व बाजूने काढलेले फोटो आणि मागे हाताच्या पंजाचा ठसा असतो. परत आल्यावर बंदरात ठसा ताडून पाहत. तुमच्या चुलतपणजोबांनी एकदा जरी घरी येण्याचा विचार केला असेल, तरी त्यांचा चेहरा आणि तळहात सरकारी कागदावर असू शकतो.

प्रमाणपत्रापेक्षा त्याच्या अर्जाची फाइल मोलाची. त्यात कोणत्या साली, कोणत्या बोटीने, कोणत्या बंदरात उतरलो हे अर्जदार सांगतो, गावातले दुकानदार किंवा शेतकरी ओळख देतात, आणि स्थानिक पोलीस चौकशी करून अहवाल पाठवतो. फेरीवाला दरवर्षी कोणत्या गावांतून फिरतो ते अशा अहवालातच समजतं. ही कागदपत्रं नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलियात आहेत. सिडनीची प्रमाणपत्रं एसटी८४/१ या मालिकेत, तिथल्या फाइली एसपी४२/१ मध्ये, ब्रिस्बेनची जे२४८३ मध्ये, डार्विनची ई७५२ मध्ये, मेलबर्नच्या कस्टम्स फाइली बी१३ मध्ये. ‘रेकॉर्डसर्च’ या त्यांच्या ऑनलाइन सूचीत आधी मालिकेचा क्रमांक घाला, मग नाव. ज्या फाइली डिजिटल झालेल्या आहेत त्या रत्नागिरीत बसून पाहता येतात. बाकीच्यांची प्रत पैसे भरून मागवायची.

नावाबद्दल सावध राहा. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि वडिलांचं नाव किंवा पहिलंच नाव आडनाव म्हणून सूचीत गेलं. ‘मोहंमद’ पाच-सहा तऱ्हांनी मिळेल. नावाची पहिली तीन-चार अक्षरं घालून पुढे तारा (*) द्या आणि फोटो, वय, उंची यांवरून निवड करा. ‘जन्मस्थान बॉम्बे’ दिसलं म्हणून लगेच हुरळू नका. अनेकदा ते बोटीत बसल्याचं बंदर असतं, आणि सिंधही १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीकडचा माणूसही ‘बॉम्बे’ ठरतो. तसंच उंटवाल्यांच्या, म्हणजे अंतर्भागात उंटांवरून माल वाहणाऱ्यांच्या, सोबत राहणाऱ्या कोणत्याही मुसलमानाला ‘अफगाण’ म्हणून टाकत. म्हणून ‘अफगाण’ लिहिलेल्या नोंदी गाळू नका.

नागरिकत्वाच्या अर्जांत मात्र वेळ घालवू नका. रत्नागिरीचा माणूस ब्रिटिश प्रजाजनच होता, त्याला तो अर्ज करायची गरज नव्हती. फेरीवाल्याचा परवाना दरवर्षी घ्यावा लागे, त्याचे अर्ज कोर्टात जात आणि बातमी स्थानिक वृत्तपत्रात येई. शिक्क्यावरच्या गावचं वृत्तपत्र घेऊन त्या तारखेच्या आगेमागे वाचा. कबरीसाठी बर्क, ब्रोकन हिल, मरी आणि कूलगार्डी इथल्या दफनभूमींचे मुस्लिम भाग पाहा.

प्रश्न : माझ्या सुनेच्या पणजीची आई आदिवासी होती. पणजीचे वडील उंटवाला होते एवढंच घरात सांगतात. पणजीच्या जन्मदाखल्यात वडिलांचा रकाना कोरा आहे. (पर्थ)

उत्तर : उंटवाल्यांची ये-जा १८६० च्या दशकापासून होती. थॉमस एल्डर या व्यापारी-पशुपालकाने १८६६ च्या सुमारास कराचीहून शंभरावर उंट आणि ३१ माणसं साउथ ऑस्ट्रेलियात आणली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत अंदाजे दोन हजार उंटवाले आले. बहुतेक तीन वर्षांच्या करारावर आणि एकटे आले. अनेकांचे संसार आदिवासी स्त्रियांबरोबर झाले आणि सरकारने त्यांची नोंद करण्यापेक्षा ते मोडण्यातच जास्त रस घेतला.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने आदिवासी स्त्रीला बिगर-आदिवासी पुरुषाशी लग्न करायला मुख्य संरक्षकाची, म्हणजे आदिवासींवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लागू लागली. ही परवानगी मागितलेली किंवा नाकारलेली असेल तर फाइल आहे, आणि जन्मदाखल्यात नसलेलं बापाचं नाव तिथे सापडू शकतं. या फाइली राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांतल्या अनेक फक्त वंशजांना, नातं सांगितल्यावर खुल्या होतात, म्हणून अर्ज सुनेने स्वतः किंवा तिच्या आईने करावा. कॅनबेरातल्या आयॅट्सिस या आदिवासी अभ्यास संस्थेचा कुटुंबशोध विभाग मार्गदर्शन करतो. अ‍ॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांनी गोळा केलेल्या वंशावळी आहेत, त्यांत छायाचित्रंही आहेत. या कागदांची भाषा कठोर आणि अपमानकारक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते दाखवण्याआधी विचारा. मृतांची नावं आणि चेहरे समोर आणण्याबद्दल अनेक आदिवासी कुटुंबांत कडक संकेत असतात, ते पाळा. तोंडी सांगितलेली माहिती त्या घरची आहे; त्यांच्या परवानगीशिवाय ती सार्वजनिक वंशवृक्षावर टाकू नका.

प्रश्न : डीएनए चाचणीने हा सगळा खटाटोप वाचेल का? (ऑकलंड)

उत्तर : वाचणार नाही, पण कागद जिथे संपतात तिथे मदत होते. नाव बदललेल्या किंवा दुसरा संसार केलेल्या माणसासाठी तर हाच मार्ग उरतो. चुलत-मावस नात्यांत जुळणारा डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. एका पणजोबांपासूनची भावंडं, म्हणजे दुसऱ्या पिढीची चुलत, सरासरी सव्वादोनशेच्या आसपास जुळतात, आणि खापरपणजोबांपासूनची सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास. सावत्र शाखा असेल तर हे आकडे साधारण निम्मे होतात. तिसऱ्या पिढीच्या चुलतांपैकी दहातल्या एकाशी काहीच जुळत नाही, चौथ्या पिढीत तर जवळजवळ निम्म्यांशी. म्हणून जुळणी नाही म्हणजे नातं नाही असा निष्कर्ष काढू नका.

एकटी जुळणी काही सांगत नाही. तुमच्याशी आणि एकमेकांशीही जुळणाऱ्यांचा गट करा, त्यांच्या वंशवृक्षांत समान जोडपं शोधा आणि ते जोडपं त्या काळात तुमच्या तक्त्यातल्या गावांजवळ होतं का पाहा. अनोळखी नातलगाला लिहिताना पहिल्याच पत्रात ‘तुमच्या पणजोबांची दुसरी बायको’ असं लिहू नका. नाव, गाव आणि साल सांगून एवढंच विचारा की त्यांच्याकडे काही माहिती आहे का. चाचणी घरातल्या सगळ्यात वयस्कर वंशजाची आधी करा, त्यांच्या रक्तात त्या माणसाचा वाटा एक पिढी जास्त असतो. ते हयात नसतील तर त्यांच्या सख्ख्या किंवा चुलत भावंडांपैकी कुणाची, आणि नातवंडांचे किट त्यानंतर.